दोन वाजताचा पहारा

मला काळजी करायला कारण लागत नाही, असं आमचे हे म्हणतात. दूधवाला दहा मिनिटं उशिरा आला तरी माझ्या डोळ्यांपुढे त्याचा अपघात होऊन जातो. स्वभावच तसा, त्याला काय करणार? पण त्या वर्षी सप्ताहाच्या आधी मला जी काळजी लागली होती, तिला कारण होतं. निदान मला तरी तेव्हा ते खरं वाटलं होतं.

माझं माहेर पेण तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. भात आणि वाल पिकवणाऱ्यांचं गाव. मी रोह्यात शिक्षिका, घर शेजारीच, वरसे गावात. वाल काढून झाले की माहेरी विठोबाच्या देवळात अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस, रात्र असो की दिवस, कुणीतरी वीणा गळ्यात घालून देवापुढे उभा असतो आणि नाम घेत असतो. दोन-दोन तासांचे पहारे. आपला पहारा संपला म्हणून वीणा खाली ठेवून घरी जाता येत नाही. पुढचा माणूस आंघोळ करून येतो, वीणेला हात जोडतो, मग दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा ह्याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात जाते. पाया दोघांनीही पडायचं. वय, नातं, जमीन किती, काही बघायचं नाही. गावात छाती काढून चालणारे आमचे चुलत आजोबा, त्यांना मी त्यांच्याच गड्याच्या पायांना हात लावताना बघितलंय. आणि पुढचा आलाच नाही, तर आधीच्यानं तसंच उभं राहायचं, कुणी येईस्तोवर.

बाबांचा पहारा दुपारी बारा ते दोन. दोन ते चार काकांचा. काका म्हणजे सख्खे नव्हेत, बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त, आमच्यापासून चार घरं सोडून राहणारे. दर वर्षी, सातही दिवस, दोन वाजता बाबांची वीणा काकांच्या गळ्यात. मी शाळेत जायला लागल्यापासून हे बघत आलेय. आता दोघंही सत्तरीपलीकडचे. पाया पडायला वाकले की दोघांचेही गुडघे वाजतात, आणि वाकल्या-वाकल्याच ते एकमेकांच्या कानात काहीतरी बोलून हसतात. देवासमोर कसल्या गप्पा मारता, असं मी एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले, "तो म्हणतो, उठ लवकर, नायतर दोघांनाबी उचलायला माणसं बोलवायला लागतील."

आता पक्षाचं सांगते. नावं घेत नाही. आमच्याकडच्यांना ती माहीत आहेत आणि बाहेरच्यांचं त्यावाचून काही अडणार नाही. आमचं घर एका जुन्या पक्षाचं. आजोबा कूळ होते. कसत होते ती जमीन त्यांच्या नावावर झाली, तेव्हा त्या पक्षाच्या माणसांनी त्यांच्याबरोबर पेणच्या कचेरीत खेटे घातले होते, जमीनदाराच्या माणसांपुढे छातीठोक उभे राहिले होते. आजोबा ते मरेपर्यंत सांगत होते. बाबा अजून सांगतात. आमच्या देवघरात विठोबा, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, आणि त्यांच्या रांगेत पक्षाच्या एका जुन्या पुढाऱ्याचा फोटो. आई होती तोवर देवांना हळदकुंकू लावून झालं की फोटोच्या काचेलाही बोट टेकवायची. त्या पुढाऱ्याचा म्हणे देवावर काडीचा विश्वास नव्हता. भाषणात देवाधर्माची पार सालं काढायचा. आईला त्याचं काही वाटायचं नाही. "त्यांचा नसंल, माझा हाय," म्हणायची आणि वात पुढे सारायची.

बाबा तुळशीची माळ घालून पक्षाच्या सभेला जायचे आणि घोषणा देऊन घसा बसवून घरी यायचे. सप्ताह जवळ आला असला तर आई कावायची, "तिथं गळा फाडून आलात, आता देवापुढं काय रेकणार?" मग आल्याचा काढा. काकाही त्याच पक्षात. दोघं एकाच सायकलीवरून सभेला जायचे, येताना कोण सायकल मारणार ह्यावर वाद घालत. देव आणि पक्ष ह्यांचं एकमेकांशी काही भांडण असू शकतं, हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातसुद्धा नव्हतं.

मग देवळाचा जीर्णोद्धार निघाला. कौलं काढून स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, वर कळस. काम अर्ध्यावर अडलं. आमच्या पक्षाचे लोक आले, बघून गेले, चहा पिऊन गेले. दुसऱ्या पक्षाचे आले आणि त्यांनी काम पुरं करून दिलं. काका जीर्णोद्धार समितीत होते. कळस चढला त्या दिवशी काका लहान मुलासारखे रडले आणि त्याच मांडवात त्यांनी दुसऱ्या पक्षाचं उपरणं गळ्यात घालून घेतलं. मी त्यांना बोल लावत नाही. माझ्या देवाला ज्यांनी छप्पर दिलं त्यांचा मी, एवढी सरळ गोष्ट होती ती. आमच्या आजोबांनी तरी वेगळं काय केलं होतं? ज्यांनी जमीन मिळवून दिली त्यांना नेऊन देवघरात बसवलं.

बाबा ह्यावर एकच वाक्य बोलले. "स्लॅब चांगला झालाय, गळत नाय." आणि संध्याकाळी नेहमीसारखे काकांच्या पडवीत तंबाखू मळायला गेले. दोघांमध्ये काही बदललं नाही. बदललं ते गावातलं बोलणं. आधी लोक विचारायचे, तुमचं घर कुणाचं? आता विचारायला लागले, देव मानता ना, मग तिकडं कसे? म्हणजे देव मानणाऱ्यानं कुठं जायचं हे आधीच ठरून गेलेलं, आणि जो तिथं गेला नाही त्यानं उत्तर द्यायचं.

एकदा मी बाबांना डोळे तपासायला पेणला घेऊन गेले होते. परत येताना स्टँडबाहेर मिनिडोर रिक्षा भरायची वाट बघत आम्ही आत बसलो होतो. समोर आमच्याच गावचा एक माणूस. बाबांची माळ बघून हसत हसत म्हणाला, "काय तात्या, माळ इठोबाची आन मत त्यांना? एक काय ते ठरवा आता." गाडीतली माणसं हसली. बाबाही हसले. मला मात्र अंगावर कुणीतरी थुंकल्यासारखं झालं. थोड्या वेळानं माझं लक्ष गेलं, तर बाबांनी माळ सदऱ्याच्या आत सरकवली होती. सबंध रस्ताभर मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते आणि त्या मेल्याला काय काय सुनवायला हवं होतं ते मनात जुळवत होते. घरी पोचले तेव्हा दहा उत्तरं तयार होती.

तिथूनच माझी काळजी लागली. पुढे निवडणूक यायची होती, त्याआधी सप्ताह. आमच्या गावाचा मोबाईलवर ग्रुप आहे. काका नातीकडून फोन चालवायला शिकले होते आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्यांचं काही ना काही येई. फुलं, देव, शुभ सकाळ, मधूनच त्यांच्या पक्षाचं काहीतरी. सप्ताहाला महिना राहिला असेल. शाळेत मधल्या सुट्टीत मी डबा उघडला आणि फोन बघितला, तर काकांनी पाठवलेलं एक चित्र. भगव्या रंगावर मोठी अक्षरं: ज्याचं मत धर्माला नाही, त्याचा हात वीणेला नको.

मी डबा बाजूला सारला. हे कुणासाठी? गावात वीणा धरून जुन्या पक्षाला मत देणारी थोडीच घरं उरलेली, त्यात आमचं. आणि बाबांच्या हातातून वीणा घेणारे कोण, तर हेच. मी माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंना दाखवलं. वाटलं, त्या म्हणतील, सोडा हो. तर त्यांनी डब्याचं झाकण लावता लावता सांगितलं, की त्यांच्या माहेरी गेल्याच सप्ताहात एकानं दुसऱ्याच्या हातातून वीणा घेतलीच नाही. मधे तिसरा माणूस उभा केला. ह्यानं त्याला द्यायची, त्यानं पुढच्याला. का, तर आधीचा दुसऱ्या पक्षाचा, त्याच्या पाया पडायला नको. "आणि सगळं गाव बघत होतं हो," बाई म्हणाल्या.

झालं! त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच. दोन वाजलेत. बाबा वीणा घेऊन उभे आहेत. काका येत नाहीत. सव्वादोन, अडीच. बाबांना साखरेचा त्रास, दुपारचं जेवण पहारा संपल्यावर. पाय थरथरायला लागलेत आणि वीणा तर खाली ठेवता येत नाही. मंडपात बसलेली माणसं मान खाली घालून टाळ वाजवतायत. किंवा काका येतात, पण बरोबर कुणालातरी घेऊन येतात आणि म्हणतात, ह्याच्याकडे दे. मला वर्गात फळ्यावर लिहितानासुद्धा ते दिसायचं. दादाला, म्हणजे माझ्या भावाला, फोन केला. तो बाबांजवळ गावातच राहतो, नागोठण्याच्या बाजूला कंपनीत जातो, शिफ्ट सुटून नुकताच आला होता. म्हणाला, "काका असं करतील काय गो? तूपण ना!" मला जरा बरं वाटतंय तोवर जांभई देत पुढे म्हणाला, "पण हल्ली कुणाचं काय सांगता येत नाय म्हणा." ते एक वाक्य बोलला नसता तर काय बिघडलं असतं त्याचं?

आता कुणीही विचारेल, बाई गं, काकांनाच का नाही विचारलंस? नंबर होता, फोन हातात होता. ज्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितली त्यांना, काका हे काय पाठवलंत, एवढं विचारायचं होतं. दोनदा नंबर लावायला घेतला. वाटलं, ते म्हणाले की व्हय, तुझ्या बापासाठीच हाय, तर? मग मी काय करू? बाबांनाही काही सांगितलं नाही, ते बिचारे साधा फोन वापरतात, त्यांना ग्रुप माहीत नाही. आणि ज्यांना विचारायचं त्या दोघांना सोडून मी तिसऱ्यालाच फोन केला.

पहाऱ्यांची यादी करतो तो माझ्याबरोबर शाळेत होता, मागच्या बाकावर बसायचा. त्याला विचारलं, "यादी झाली काय रे?"

"होतेय. का गो?"

"बाबांच्या पुढं आपल्यातला कुणीतरी ठेव ना."

"आपल्यातला म्हंजे? भावकीतला?"

"भावकीतला नाय रे. आपल्यातला."

तो मग म्हणाला, "बाय, नीट बोल. काय ते सांग."

"आपल्या पक्षातला," मी म्हटलं.

मी हे म्हटलं. निवडणुकीच्या ड्युटीला जाणारी मी, कुणी विचारलं तर मला बाई पक्षबिक्ष काही नाही असं ऐटीत सांगणारी मी, आणि माझ्याच तोंडून 'आपला' हा शब्द असा पटकन बाहेर पडला. वाटलं तो हसेल, चिडवेल. तर त्यानं मोठा सुस्कारा सोडला.

"बरं झालं कुणीतरी बोललं," तो म्हणाला. "सगळ्यांच्या मनात हाय, तोंड उघडत कुणी नाय. मलाबी धास्तीच होती. मी बघतो."

"बाबांना कळायला नको हां."

"तात्यांना कशाला सांगू? काय येडी हायस काय?"

सप्ताहाच्या आदल्या संध्याकाळी यादीचा फोटो ग्रुपवर आला. मी चष्मा लावून बसले आणि एकेक नाव वाचत गेले. त्यानं नुसता बाबांचा पहारा बघितला नव्हता, सगळी यादीच नव्यानं मांडली होती. एका पक्षाची घरं सगळी सलग. दुसऱ्याची सलग. पहाटेपासून सकाळपर्यंत ते, नंतर आम्ही. जिथं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वीणा जायची, तिथं त्यानं मधे गुरवाला उभं केलं होतं. बाहेरच्या माणसाला त्यात काही दिसलं नसतं. मला बघताक्षणी दिसलं, कारण ते माझ्यापासून सुरू झालं होतं. काकांना सकाळी सहा ते आठ दिलं होतं. दोन वाजता बाबांकडून घ्यायला माझा चुलतभाऊ. मी फोन उपडा ठेवून दिला आणि स्वतःला सांगितलं, चला, निदान बाबांचा अपमान तर टळला.

सप्ताहाच्या पहिल्या दिवशी मी रजा टाकली. सकाळच्या गाडीनं पेण आणि तिथून मिनिडोरनं गाव. देवळाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी फ्लेक्स. हात जोडलेले पुढारी एवढे मोठे, की मधला विठोबा शोधावा लागत होता. देवळात बाबा वीणा घेऊन उभे होते, धुतलेला सदरा, डोळे मिटलेले, 'रामकृष्णहरी' चालू. मी बायकांत बसले. दीड वाजला, पावणेदोन झाले. सगळं ठरलेलं होतं, तरी माझी नजर दाराकडे. चुलतभाऊ विसरला तर? जेवून झोपला तर? दोनला पाच कमी असताना तो आला, ओल्या केसांनी, आणि माझ्या जिवात जीव आला.

चुलतभावानं वीणेला हात जोडले. बाबांनी डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं, आणि त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघितलं. मग वाकले. तोही वाकला. दोघांनी एकमेकांच्या पायांना हात लावला, वीणा ह्याची त्याला गेली. कुणी काही बोललं नाही, हसलं नाही. सगळं बिनबोभाट झालं. मी पदरानं कपाळ पुसलं आणि मनात म्हटलं, सुटले बाई.

बाबा माझ्याजवळ आले. "तो कुठाय गो?"

"त्यांचा पहारा सकाळी लागला वाटतं."

"सकाळी? कुणी लावला?"

"यादी करतात त्यांनी." हे काही खोटं नव्हतं, असं मी मनाशी म्हटलं.

माझ्या बाजूला बसलेल्या म्हातारीनं ऐकलं. ती म्हणाली, "अरे, आत्ता तर हुता की नळाजवळ. आंगोळ करून, धोतार नेसून. दाराशी आला, आत बगितलन् आन मागं फिरला."

बाबा तसेच निघाले. जेवण नाही, पाणी नाही, पायांत चपलासुद्धा नाहीत. दुपारच्या उन्हात रस्ता नुसता भाजत होता. मी त्यांच्या चपला हातात घेतल्या आणि मागे धावले. "बाबा, आधी जेवा तरी! बाबा, पाय भाजतील!" ते वळले नाहीत. ते काकांच्या घराकडेच निघाले होते.

काका पडवीत बाकड्यावर बसले होते, तेच धुतलेलं धोतर, कपाळाला बुक्का. बाबांना बघून ते 'ये' म्हणाले नाहीत. एवढ्या वर्षांत असं झालं नव्हतं. बाबा पायरीवरच उभे राहिले.

"दोन वाजले तरी आला नायस," बाबा म्हणाले.

"तूच नको म्हणालास ना."

"मी? कवा?"

"यादीवाल्याला धरून विचारलं मी. तुझ्या घरून फोन गेला व्हता. तुझ्यापुढं मी नको, तुमच्यातला कुणीतरी द्या म्हणून. अरे, मी काय तुझ्या पाया पडलो नसतो? लाज वाटली असती मला? ते मोबाईलवर मी पाठवतो, त्याचं वाईट वाटलं काय तुला? मला येतं ते मी पुढं ढकलतो. वाचतंय कोण ते सगळं? सकाळी साहाला उभा केला मला. दोन तास उभा व्हतो देवापुढं, तोंडात नाव येईना. म्हटलं दुपारी जाऊन बघू, खरंच दुसऱ्याला देतो काय."

"कोण बोलला माझ्या घरून? माझ्या घरात कोण हाय, मी आन..." असं म्हणत बाबा वळले आणि त्यांची नजर माझ्यावर आली. मी चपला छातीशी धरून उभी होते.

काका, फोन मी केला. एवढंच बोलायचं होतं. पंचवीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवतेय मी. चूक झाली तर हात वर करा, कुणी मारणार नाही, असं सांगते. माझं तोंड उघडलं नाही. आजही तो क्षण आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. बाबा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना कळलं. लहानपणी गूळ चोरून खाल्ला की माझ्या तोंडावर दिसायचं, तसंच तेव्हाही दिसलं असणार.

ते पुन्हा काकांकडे वळले. "व्हय," म्हणाले. "मीच सांगितलं."

"तू?"

"मीच. वाटलं, तुला अवघड नको व्हायला."

काका बाकड्यावरून उठले. "मला काय अवघड वाटतं ते आजपातूर विचारून घेत व्हतास," ते म्हणाले आणि आत गेले. दार लावलं नाही. नुसते आत गेले.

आम्ही परत फिरलो. मी चपला खाली ठेवल्या, बाबांनी त्या घातल्या. मला रडू आवरेना. "बाबा, मी..." एवढंच म्हणाले.

"ऱ्हाऊ दे."

"मी तुमच्यासाठीच..."

"ठाऊक हाय. रडू नको, रस्त्यात माणसं हायत." चार पावलं चालून ते म्हणाले, "तुझं नाव सांगितलं असतं तर तो तुला बोलला असता. मग मला त्याच्याशी भांडायला लागलं असतं आन ते भांडण मिटलं नसतं. माझ्यावर रागावू दे. माझ्यावर रागवायची सवय हाय त्याला. येईल चार दिसांत."

"सप्ताहात खोटं बोललात तुम्ही माझ्यापायी."

"बोललो. देवाचं आन माझं आम्ही बघून घेऊ. तू जेव चल."

काकांच्या घरापासून आम्ही फार लांब आलो नव्हतो. मला मागे फिरून सांगता आलं असतं. मी म्हटलं, आता काका चिडलेत, काल्याच्या दिवशी सांगीन. काल्याला काका दुसऱ्या पंगतीत बसले. म्हटलं, फोनवर सांगीन. फोनवर असलं कसं सांगायचं? म्हटलं, पुढच्या खेपेला जाईन तेव्हा समोर बसून सांगीन. आणि त्या चार दिवसांचे चार महिने झाले. काकांच्या पडवीत बाबा पुन्हा गेले नाहीत, काकाही आमच्या ओटीवर आले नाहीत. मी दर रविवारी दादाला विचारायची, बोलले काय रे दोघं? तो म्हणायचा, नाय अजून.

मग निवडणूक आली. माझी ड्युटी रोह्याच्या पुढच्या एका गावात होती. मतदान संपलं, यंत्रं जमा झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाला फोन केला. त्यानं जे सांगितलं ते असं. बाबा आणि काका मताला कायम एकत्र जात. काकांनी पक्ष बदलला त्याच्यानंतरही. एकानं इकडं बटण दाबायचं, दुसऱ्यानं तिकडं, आणि येताना शाळेजवळच्या टपरीवर चहा. त्या दिवशीही बाबा सकाळीच आंघोळ करून, टोपी घालून ओटीवर बसले. पक्षाची माणसं न्यायला आली. "चला तात्या, आपलं एकेक मत मोलाचं हाय." बाबा म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, येतो मी." दुपारी परत आली. "येतो, येतो. जरा थांबतो." दादा स्वतः गाडी काढून उभा राहिला. तरी नाही. काका सकाळीच त्यांच्या लोकांबरोबर मिनिडोरमधून जाऊन आले होते, मागच्या रस्त्यानं. वेळ संपली तेव्हा बाबा उठले, टोपी खुंटीला लावली आणि दिवा लावायला आत गेले. मत द्यायचा हक्क आल्यापासून बाबांनी एकही निवडणूक चुकवली नव्हती.

"एवढं घरचं मत, ते वाया घालवलं," दादा वैतागून म्हणाला. "सगळा दिवस कुणाची वाट बघत बसले व्हते कोण जाणे. तुला काय बोलले काय गो?"

"नाही," मी म्हटलं. "मला कुठं काय बोलतात."